खाण एकाची, पैलू दुसऱ्याचे

देशाची साधनसंपत्ती आणि त्याची निर्यात यांचे नाते : हिऱ्याच्या व्यापारातून

आफ्रिका खंडाच्या दक्षिण भागात बोत्स्वाना नावाचा देश आहे. लोकसंख्या जेमतेम पंचवीस लाख, आणि बहुतेक भूभाग कलहारीच्या वाळवंटाने व्यापलेला. त्या वाळवंटात ज्वानेंगची खाण आहे. निघणाऱ्या मालाच्या मूल्याचा विचार करता ती जगातील सर्वांत संपन्न हिऱ्यांच्या खाणींत गणली जाते. तेथून हजारो मैलांवर, तापीच्या काठी, सुरत वसले आहे. सुरतेच्या परिसरात हिऱ्याची एकही खाण नाही. तरीही जगात पैलू पाडल्या जाणाऱ्या दर दहा हिऱ्यांपैकी सुमारे नऊ भारतात घासले जातात, आणि त्यांतील बहुतेक सुरतेत. मुंबईच्या वांद्रे-कुर्ला संकुलातील भारत डायमंड बोर्समधून ते जगभर रवाना होतात.

आपल्या समाजातील असंख्य कुटुंबांचा चरितार्थ या व्यापाराशी जोडलेला आहे. म्हणून एका साध्या प्रश्नाचा विचार आपण सर्वांनी करावयास हवा. जे आपल्या भूमीत नाही, ते आपण जगाला कसे विकतो? ज्याच्या भूमीत ते आहे, तो ते स्वतः घडवून का विकत नाही? आणि हा क्रम असाच चालू राहील, याची हमी कोण देईल?

विपुलतेचा नियम

देशादेशांतील व्यापाराचे शास्त्र मांडताना इंग्रज अर्थशास्त्रज्ञ डेव्हिड रिकार्डो याने १८१७ साली एक उदाहरण दिले. ठरावीक कापड विणण्यास इंग्लंडात वर्षभर १०० माणसे लागतात आणि ठरावीक मद्य तयार करण्यास १२०. पोर्तुगालात तेच कापड ९० माणसे विणतात आणि तेच मद्य ८० माणसे करतात. दोन्ही कामांत पोर्तुगाल सरस आहे. तरीही त्याने मद्यच करावे आणि कापड इंग्लंडकडून घ्यावे, यातच दोघांचे हित आहे, असे रिकार्डोने दाखवून दिले. व्यापारी मनाला हे समजण्यास वेळ लागत नाही. पेढीचा मालक मुनिमापेक्षा चांगला हिशेब लिहीत असला, तरी वही तो मुनिमाकडेच सोपवतो आणि स्वतः खरेदीला बसतो, कारण त्याचा तास खरेदीत अधिक मोलाचा असतो.

परंतु एका देशाला एक काम सोपे आणि दुसऱ्याला दुसरे, असे का व्हावे? याचे उत्तर स्वीडनच्या दोन अर्थशास्त्रज्ञांनी दिले. एली हेक्शर यांनी १९१९ मध्ये त्याचा पाया घातला आणि त्यांचे शिष्य बर्टिल ओहलिन यांनी १९३३ मध्ये त्यावर ग्रंथ लिहिला. ओहलिन यांना पुढे १९७७ साली नोबेल पारितोषिकही मिळाले. त्यांच्या सिद्धांताचे सार असे : भूमी, श्रम आणि भांडवल यांपैकी जे देशापाशी विपुल असते, ते तेथे स्वस्त असते; आणि जो माल घडविण्यास तेच अधिक लागते, तो माल तो देश परदेशी पाठवितो. विस्तीर्ण कुरणांचा ऑस्ट्रेलिया लोकर पाठवितो, दाट लोकवस्तीचा बांगलादेश शिवलेले कपडे पाठवितो.

या नियमाला १९५३ मध्ये एक धक्का बसला. वासिली लिओन्टिफ यांनी अमेरिकेच्या आयात-निर्यातीची मोजदाद केली. भांडवलाने समृद्ध असलेल्या अमेरिकेची निर्यात भांडवलप्रधान असावी, अशी अपेक्षा होती. प्रत्यक्षात आयातीच्या तुलनेत तिच्या निर्यातीतच श्रमाचे प्रमाण अधिक आढळले. या कोड्याची अनेक उत्तरे दिली गेली. त्यांतील एक महत्त्वाचे उत्तर असे की, सर्व श्रम एका तराजूत तोलता येत नाहीत. शिकलेला, सरावलेला हात ही स्वतंत्र संपत्ती आहे. हिऱ्याच्या व्यापाराचे मर्म याच उत्तरात दडलेले आहे.

गोवळकोंड्याचे दिवस

अठराव्या शतकाच्या आरंभापर्यंत जगाला ठाऊक असलेले जवळजवळ सर्व हिरे भारतातून येत. कृष्णेच्या काठी कोल्लूर येथे खाणी होत्या आणि गोवळकोंडा ही त्या मालाची बाजारपेठ होती. सतराव्या शतकात तेथे आलेल्या तावेर्निये या फ्रेंच जवाहिऱ्याने कोल्लूरच्या खाणीत सुमारे ६०,००० माणसे राबत असल्याचे लिहून ठेवले आहे.

त्या काळचा क्रम आजच्या अगदी उलट होता. खाणी आपल्या होत्या आणि पैलू पाडण्याच्या कलेत युरोपातील शहरे पुढे जात होती. आपल्याकडेही कुशल कारागीर होते. परंतु हिऱ्याचे वजन राखण्याकडे त्यांचा कल असे. युरोपातील कारागीर वजन गमावूनही तेज साधू लागले. कोहिनूर १८५२ साली लंडनमध्ये डच कारागिरांकडून पुन्हा घासून घेण्यात आला, तेव्हा सुमारे १८६ कॅरेटचा तो हिरा अवघा १०५.६ कॅरेट उरला.

पुढे १७२० च्या दशकात ब्राझीलमध्ये आणि १८६७ साली दक्षिण आफ्रिकेत हिरे सापडले. किंबर्लीच्या खाणींनी सारा बाजार पालटला. आज भारतात यांत्रिक पद्धतीने चालणारी हिऱ्याची खाण मध्य प्रदेशात पन्ना येथे आहे, आणि जागतिक उत्पादनात तिचे स्थान नगण्य आहे. निसर्गाने दिलेली संपत्ती संपली. त्यानंतर जे उभे राहिले, ते माणसांनी उभे केले.

शंभर सेंटांचा हिशेब

पालनपूर संस्थानातील जैन कुटुंबांनी विसाव्या शतकाच्या आरंभी मुंबईत हिऱ्याच्या व्यापारात पाय रोवले. स्वातंत्र्यानंतर, विशेषतः १९६० च्या दशकापासून, निर्यातीच्या बदल्यात कच्चा माल आयात करू देणाऱ्या परवाना-पद्धतीचा त्यांनी लाभ घेतला. त्यांच्यातील काही जण बेल्जियममधील अँटवर्पला जाऊन स्थायिक झाले. तेथील बाजारात मोठे आणि स्वच्छ खडे घेण्यास पुष्कळ ग्राहक होते. बारीक, डागी, तपकिरी माल मात्र पडून राही. आपल्या व्यापाऱ्यांनी नेमका तोच माल उचलला.

यामागील गणित मनोरंजक आहे. एका कॅरेटचे शंभर सेंट होतात. एक कॅरेटच्या एका हिऱ्यावर पूर्ण घाटाचे ५७ पैलू पाडावे लागतात. तेवढ्याच वजनाचे एकेक सेंटाचे शंभर खडे घेतले, तर पैलूंची संख्या ५,७०० होते. बारीक खड्यावर सतराच पैलू पाडले, तरी १,७०० होतात. वजन तेच आणि श्रम कित्येक पटींनी अधिक.

समजण्यासाठी काही कल्पित आकडे घेऊ. मोठ्या हिऱ्याचा कच्चा माल दोन लाख रुपयांचा आहे. त्याची मजुरी येथे २,००० रुपये आणि युरोपात पाचपट, म्हणजे १०,००० रुपये पडते. जास्तीचे ८,००० रुपये मालाच्या किमतीच्या चारच टक्के असल्याने युरोपातील कारखानदार ते सहज सोसतो. आता शंभर बारीक खड्यांचा कच्चा माल १०,००० रुपयांचा धरा. येथे खड्यामागे ५० रुपये दराने मजुरी ५,००० रुपये होईल आणि युरोपात २५,०००. जास्तीची २०,००० रुपये मजुरी मालाच्याच दुप्पट झाली. असा माल युरोपात घासलाच जाऊ शकत नाही. हेक्शर-ओहलिन यांचा सिद्धांत या दोन पुड्यांत सामावलेला आहे.

सौराष्ट्रातील भावनगर, अमरेली या भागांतील शेतकरी कुटुंबांना पावसाचा भरवसा नव्हता. त्यांचे तरुण सुरतेला आले आणि ‘घंटी’वर, म्हणजे हिरा घासण्याच्या चाकावर, बसले. पुढे ऑस्ट्रेलियात आर्गाइलची प्रचंड खाण सुरू झाली. १९८५ पासून तिचा माल मोठ्या प्रमाणावर निघू लागला आणि १९९० च्या दशकाच्या मध्यात तर वर्षाला चार कोटी कॅरेटच्या आसपास पोहोचला. तो बहुतांशी बारीक आणि तपकिरी होता. तो घासून विकण्याजोगा करील असा प्रदेश जगात एकच होता. भारतीय हातांमुळे अमेरिकेतील मध्यमवर्गीय कुटुंबांनाही हिऱ्याचे दागिने परवडू लागले. ऑस्ट्रेलियाची खाण आणि सौराष्ट्राचे श्रम यांनी मिळून एक नवी बाजारपेठ निर्माण केली. ती खाण २०२० मध्ये बंद झाली.

स्वस्त श्रम जगात इतरत्रही होते. मग काम सुरतेलाच का आले? कारण वर्षानुवर्षांच्या सरावाने तेथील श्रमाचे कसब झाले. बारीक खड्यावर शिकलेला हात पुढे मोठा खडा घासू लागला. संगणकाने खड्याचे मापन करणारी आणि लेसरने कापणारी यंत्रेही आली. मजुरी वाढल्यामुळे बेल्जियममधील केंपेन भागातील घासणारी गावे एकामागून एक हे काम सोडीत गेली, आणि एकेकाळी ज्या मालावर युरोपचा हक्क मानला जाई, तोही सुरतेला येऊ लागला.

वहीत न दिसणारे भांडवल

सिद्धांतात भांडवल म्हणजे यंत्रे आणि पैसा. या व्यापारात आणखी एक भांडवल आहे, जे ताळेबंदात लिहिले जात नाही. कागदाच्या घडीत बांधलेली लाखोंची पुडी दलाल बाजारात घेऊन फिरतो आणि सौदा शब्दावर ठरतो. आंगडिया एका शहरातून दुसऱ्या शहरात माल पोहोचवतो. अँटवर्पमधील भाऊ कच्चा माल घेतो, सुरतेतील पुतण्या घासून घेतो, मुंबईतील काका विकतो, आणि हाँगकाँग किंवा न्यूयॉर्कला मेहुणा वसुली पाहतो. महिनोन्‌महिने उधारी चालते. अनोळखी माणसाला हा व्यवहार करावयाचा असेल, तर करारनामे, विमा, वकील आणि व्याज यांचा खर्चच नफा खाऊन टाकील. परस्पर विश्वासामुळे हा खर्च आपल्या व्यापाऱ्यांना फार कमी पडला. अँटवर्पमध्ये ज्यू व्यापाऱ्यांची परंपराही शब्दावर आणि हस्तांदोलनावरच उभी होती. त्यांच्याशी स्पर्धा करता आली, ती याच बळावर.

हेही विपुल साधनच आहे, आणि साधन म्हटले की ते खर्च होऊ शकते. २०१८ साली पंजाब नॅशनल बँकेतील हजारो कोटींचा घोटाळा उघडकीस आला, तेव्हा ज्यांचा त्याच्याशी काडीचाही संबंध नव्हता, अशा प्रामाणिक पेढ्यांनाही कर्ज मिळणे कठीण झाले. चार पिढ्यांनी साठवलेली पत मोजक्या माणसांनी खर्च केली आणि तिची परतफेड सर्वांना करावी लागली.

ज्याची खाण, त्याचा हक्क

आता खाणीच्या मालकाकडे वळू. बोत्स्वाना ३० सप्टेंबर १९६६ रोजी स्वतंत्र झाला, तेव्हा तो जगातील अत्यंत दरिद्री देशांपैकी एक होता. पुढच्याच वर्षी ओरापा येथे हिरे सापडले. पहिले राष्ट्राध्यक्ष सेरेत्से खामा यांच्या शासनाने भूगर्भातील धन कोणा एका टोळीचे न मानता राष्ट्राचे मानले, आणि डी बीअर्स या कंपनीशी भागीदारी करून पुढे त्यात निम्मा वाटा मिळविला. त्या उत्पन्नातून रस्ते, शाळा आणि रुग्णालये उभी राहिली. सिएरा लिओनमध्ये याच हिऱ्यांनी यादवी युद्धाला इंधन पुरविले. सारखेच खनिज एका देशात शाळा बांधते आणि दुसऱ्यात बंदुका विकत घेते. संपत्तीचे फळ तिच्या व्यवस्थेवर अवलंबून असते.

तरीही एकाच मालावर विसंबण्याचे दुखणे बोत्स्वानाला चुकले नाही. त्याच्या निर्यातीत हिऱ्यांचा वाटा सुमारे ८० टक्के आहे. बाजार पडला की राष्ट्राचा अर्थसंकल्पच पडतो. २०२४ च्या निवडणुकीत स्वातंत्र्यापासून सत्तेवर असलेला पक्ष पराभूत झाला. हिऱ्यांच्या मंदीने ओढवलेली आर्थिक ओढाताण आणि बेकारी ही त्यामागची मोठी कारणे होती.

म्हणून बोत्स्वानाने वेगळा मार्ग धरला आहे. लंडनहून होणारी डी बीअर्सची कच्च्या मालाची विक्री २०१३ मध्ये राजधानी गॅबोरोन येथे आणविली. फेब्रुवारी २०२५ मधील नव्या करारानुसार भागीदारीतील खाणींच्या मालात शासनाचा विक्रीहक्क क्रमाक्रमाने ५० टक्क्यांपर्यंत जाणार आहे. कच्चा माल हवा असेल, तर काही भाग आमच्या देशात घासा, असा त्यांचा आग्रह आहे. त्यामुळे भारतीय कारखानदारांनीच तेथे कारखाने काढले आणि स्थानिक तरुणांना शिकविले. तेथे मजुरीचा खर्च अधिक पडत असल्याने मुख्यत्वे मोठे खडेच घासणे परवडते. शंभर सेंटांचा आपला हिशेब तेथेही लागू पडतो. परंतु आज शिकणारा हात दहा वर्षांनी शिकाऊ राहत नाही. सुरतेच्या इतिहासाने हेच तर दाखविले आहे.

यंत्रात वाढणारा हिरा

खाणीचा मालक बदलला, तर व्यापाराचा मार्ग बदलतो. खाणच अनावश्यक ठरू लागली, तर साऱ्या व्यापाराचाच पाया हलतो. हिऱ्याची पातळ चकती बीज म्हणून यंत्रात ठेवतात, मिथेन आणि हायड्रोजन वायू सोडतात, आणि त्या उष्णतेत कार्बनचे थरावर थर चढत हिरा वाढतो. तो खराच हिरा असतो. नुसत्या डोळ्यांनी कोणालाही फरक सांगता येत नाही. सुरतेतच अशी यंत्रे मोठ्या संख्येने चालू आहेत. केंद्र सरकारने २०२३ च्या अर्थसंकल्पात अशा बीजांवरील सीमाशुल्कही काढून टाकले.

येथे साधनसंपत्तीचे गणित मुळापासून बदलते. या हिऱ्याला खाण लागत नाही. वीज, यंत्रे आणि तंत्रज्ञान लागते. ही साधने चीनकडेही आहेत आणि इतरांकडेही असू शकतात. यंत्रांची संख्या वाढली तसे या हिऱ्यांचे भाव झपाट्याने कोसळले, आणि त्यांनी खाणीतल्या हिऱ्याचेही ग्राहक ओढून नेले. त्यातच रशियन हिऱ्यांवरील निर्बंध, चीनमधील मंदावलेली मागणी, आणि ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेने भारतीय मालावर ५० टक्क्यांपर्यंत नेलेले आयातशुल्क, अशी संकटे एकामागून एक आली. भारताची पैलूदार हिऱ्यांची निर्यात २०२१-२२ मध्ये सुमारे २४ अब्ज डॉलर होती, ती २०२४-२५ मध्ये सुमारे १३ अब्ज डॉलरवर आली. ऑगस्ट २०२४ मध्ये सुरतेतील एका अग्रगण्य कारखान्याने आपल्या हजारो कामगारांना दहा दिवसांची सुटी दिली. लहान कारखान्यांतील कित्येक कारागिरांच्या वाट्याला तर कायमचीच सुटी आली.

खरी खाण कोणती?

मंदी आली की व्यापारी खर्च आवरतो आणि पहिली कात्री कारागिराच्या मजुरीला लागते. पेढीच्या दृष्टीने ते स्वाभाविक दिसते. परंतु वरील सर्व विवेचन खरे असेल, तर या ठिकाणी थांबून विचार करावयास हवा. बोत्स्वानाने मंदीत खाण बंद ठेवली, तर हिरे जमिनीत सुरक्षित राहतात. पाच वर्षांनी काढले तरी त्यांचे तेज तेच असते. आपली खाण म्हणजे रत्नकलाकाराचा हात आहे. तो गावी परतला, रिक्षा चालवू लागला किंवा कपड्याच्या मागावर गेला, की ती खाण बुजू लागते. कारागीर आपल्या मुलाला या कामात न घालण्याचा निश्चय करतो, तेव्हा ती कायमची बुजते. तेजी आल्यावर पैसा जमवता येतो, यंत्रेही विकत घेता येतात. वीस वर्षे सरावलेला हात मात्र कोणत्याही बाजारात मिळत नाही.

म्हणून मंदीत कारागिराला निम्मे काम देऊन का होईना, टिकवून धरणे, त्याच्या मुलांची शाळा चालू राहील असे पाहणे, त्याला नव्या यंत्रांचे आणि दागिने घडविण्याचे शिक्षण देणे, याला केवळ परोपकार समजू नये. खाणीचा मालक जसा खाणीची निगा राखतो, तशी ही निगा आहे. हिशेबाच्या वहीत ती खर्चाच्या बाजूला लिहिली जाते, पण तिची खरी जागा भांडवलाच्या बाजूला आहे.

हिऱ्याचा व्यापार न करणाऱ्या कुटुंबांनाही हाच विचार उपयोगी पडेल. हळद असो, कापड असो वा औषधे, प्रत्येक पेढीने स्वतःला तीन प्रश्न विचारावेत. आपला धंदा कोणत्या विपुलतेवर उभा आहे? ती विपुलता आपल्या हाती आहे, की दुसऱ्याच्या मर्जीवर? आणि गेल्या वर्षीच्या नफ्यातील किती अंश आपण तिच्या जोपासनेवर खर्च केला? पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे बहुतेक व्यापारी सहज देतील. तिसऱ्यासाठी मात्र वही उघडावी लागेल. पुढच्या पिढीला आपण काय देऊन जाणार, हे त्या पानावरूनच कळेल.